गुलाब घरी आणण्याआधी

‘आमच्याकडे गुलाब जगत नाही’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या सहज बोललं जातं, की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. जास्वंद जगते, मोगरा जगतो, सोनटक्का आणि गोकर्ण तर पसरायचे थांबत नाहीत. गुलाब मात्र डिसेंबर-जानेवारीत फुलांसकट घरी येतो, चार दिवस कौतुक करून घेतो, होळीच्या सुमारास पानं टाकू लागतो आणि जूनमध्ये त्याच कुंडीत कढीपत्ता नाहीतर कोरफड लावलेली दिसते. पुढच्या थंडीत पुन्हा नवा गुलाब. वर्षानुवर्षं गुलाब विकत घेणारी आणि तरीही अंगणात गुलाबाचं एकही जुनं झाड नसलेली घरं पुण्या-नाशकात, ठाण्या-नागपुरात हवी तेवढी सापडतील.

हे पुस्तक त्या घरांसाठी आहे. गुलाब हे मुळात काटक झुडूप आहे. नीट रुजलं तर पंधरा-वीस वर्षं एका जागी राहतं, उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतं, छाटलं की पुन्हा फुटतं. त्याला हाताचा गुण लागतो, ते श्रीमंतांचं आणि माळ्याच्या हातचं झाड आहे, हा समज मला कधीच पटला नाही. मरतो तो गुलाब बहुधा विकत घेण्याच्या दिवशीच अर्धा मेलेला असतो. महिना चुकलेला असतो, रोप निवडताना बघायचं ते बघितलेलं नसतं, आणि लावण्याच्या सूचना दुसऱ्या कुठल्या तरी हवामानातून आलेल्या असतात. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. म्हणून या प्रस्तावनेत मी फुलांच्या वर्णनापेक्षा खरेदीवर आणि लावणीवर जास्त बोलणार आहे.

आधी महिन्याबद्दल. महाराष्ट्राच्या पठारावर गुलाब सर्वांत सुंदर फुलतो तो नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. रोपवाटिका साहजिकच याच दिवसांत गुलाबांनी भरतात. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन असतं, मुंबईत राणीच्या बागेतलं प्रदर्शन पुढेमागे भरतं, आणि येताना प्रत्येकाच्या हातात एखादी पिशवी असते. त्या पिशवीतलं रोप खतपाणी देऊन, कळ्या आणवून विक्रीला सजवलेलं असतं. साठवलेली ताकद त्यानं फुलांवर खर्च केलेली असते आणि मुळं मात्र अजून पिशवीएवढ्याच मातीत असतात. नव्या जागेत मुळं पसरायला त्याला दोन-तीन महिने थंड हवा लागते. जानेवारीअखेर लावलेल्या रोपाला ती मिळते जेमतेम तीन-चार आठवडे. मार्चमध्ये पारा पस्तिशीच्या वर गेला की कोवळी मुळं पाणी पुरवू शकत नाहीत, आणि मग आपण वरून कितीही पाणी घातलं तरी झाड सुकत जातं.

गुलाब लावायचा तो पाऊस ओसरल्यावर. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर, फार तर दिवाळीपर्यंत. माती ओली आणि अजून उबदार असते, ऑक्टोबरची उष्णता असली तरी रात्री निवू लागलेल्या असतात, आणि पुढे सबंध हिवाळा हाताशी असतो. कमी पावसाच्या भागात, म्हणजे अहिल्यानगर, सोलापूर, सातारचा पूर्वभाग इथे जूनअखेरची लावणीही चालते. पण ऑक्टोबरमध्ये रोपवाटिकेत गेलात तर गुलाबाला फूल नसतं, असलं तर कुठे तरी एखादं. न बघता रंग कसा ठरवायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तर असं, की प्रदर्शनं बघण्यासाठी असतात. जानेवारीत वही घेऊन जा, आवडलेल्या फुलाचं नाव लिहा, वास घ्या, झाडाची उंची आणि पानांची तब्येत विचारा, आणि घरी मोकळ्या हातांनी या. खरेदी ऑक्टोबरात. यासाठी जी नऊ महिन्यांची वाट बघावी लागते, ती पुढच्या पंधरा वर्षांच्या मानानं काहीच नाही.

आता दुसऱ्यांच्या हवामानातून आलेल्या सूचनांबद्दल. आपल्याकडची गुलाबाची बहुतेक माहिती इंग्लंडमध्ये नाहीतर दिल्लीत लिहिलेली असते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात झाड पूर्ण झोपी जातं, तेव्हा ते माती झटकून, उघड्या मुळांनिशी विकतात. लावताना कलमाचा सांधा जमिनीखाली इंच-दोन इंच गाडावा असं तिथली पुस्तकं सांगतात, कारण तिथे हिमानं सांधा मरण्याची भीती असते. हीच सूचना भाषांतर होऊन आपल्या मासिकांत येते. आपल्याकडे हिम नाही, पाऊस आहे. सांधा मातीत गाडला तर जुलै-ऑगस्टमध्ये तो ओल धरून कुजू लागतो, आणि ज्या जंगली झाडावर, म्हणजे खुंटावर, कलम केलेलं असतं त्याची खालून फुटणारी फूट मातीआड वाढत राहते, आपल्याला ती कळत नाही. आपल्याकडे सांधा मातीच्या वर किमान दोन बोटं दिसलाच पाहिजे. दिल्लीच्या पुस्तकांची गोष्ट जरा वेगळी. तिथली थंडी खरी आणि लांब, त्यामुळे तिथे जानेवारीतही लावणी होते. ती तारीख पुण्याला आणि नागपूरला तशीच्या तशी लावता येत नाही.

आपला हिवाळा गुलाबाला पुरेसा थंड नाही, असंही म्हटलं जातं. त्यासाठी या झाडाचा इतिहास थोडा माहीत हवा. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडावर फुलत. बारमाही फुलणारे गुलाब होते ते चीनमध्ये. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते जहाजांतून युरोपात पोहोचले, त्यातले काही कलकत्त्याच्या वनस्पतिबागेमार्गे, आणि म्हणून फ्रेंच लोक त्या चिनी गुलाबांना बंगालचे गुलाब म्हणू लागले. या पाहुण्यांचा युरोपी गुलाबांशी संकर होत होत १८६७ साली लियाँच्या गियो यांचा ‘ला फ्रान्स’ आला. तो पहिला हायब्रिड टी मानला जातो, आणि त्या सालाच्या आधीचे प्रकार ते जुने गुलाब, अशी विभागणी आजही चालते. आपण रोपवाटिकेत ज्याला नुसतं ‘गुलाब’ म्हणतो, एका दांड्यावर एक मोठं टोकदार फूल, तो बहुधा हायब्रिड टी. त्याच्या अंगात दक्षिण चीनच्या उबदार प्रदेशातलं रक्त आहे. त्याला बर्फातल्या झोपेची गरज नाही. आपल्या पठारावर तो बाराही महिने फुटू शकतो, आणि हा आपला फायदा आहे.

त्याच इतिहासात खरेदीदाराच्या कामाची आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १९०० सालापर्यंत बागेतल्या मोठ्या गुलाबांत गडद पिवळा रंग नव्हता. लियाँचेच पेर्ने-दुशे यांनी पश्चिम आशियातल्या ‘पर्शियन यलो’चा संकर करून ‘सोलेय दॉर’ आणला आणि त्यानंतर पिवळे, नारिंगी, दुरंगी असे सगळे गुलाब शक्य झाले. पण त्या पिवळ्या पूर्वजाला काळ्या ठिपक्यांचा रोग चटकन लागत असे, आणि रंगाबरोबर तो दुबळेपणाही वंशात उतरला. म्हणून कोकणात, मुंबईत, जिथे चार महिने पानं ओली राहतात, तिथे नव्या माणसानं गडद पिवळ्या गुलाबानं सुरुवात करू नये. पांढरा ‘आइसबर्ग’, ‘समर स्नो’, गुलाबी ‘क्वीन एलिझाबेथ’ यांच्यापैकी काही घ्यावं. पठारावर पिवळा हवाच असेल तर घ्या, पण पावसाळ्यात त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागेल हे समजून.

आपल्या हवेसाठी गुलाब घडवणारी माणसं आपल्याकडेही झाली. डॉ. बी. पी. पाल हे गव्हावरच्या तांबेऱ्याशी झुंजलेले शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. उत्तर भारताच्या मैदानातल्या उन्हाला टिकतील असे गुलाब त्यांनी स्वतः संकर करून तयार केले. ‘दिल्ली प्रिन्सेस’, पांढरा ‘डॉ. होमी भाभा’ हे त्यांचे. दिल्लीच्या पुसा संस्थेतून पुढे ‘मृणालिनी’, ‘रक्तगंधा’, ‘मोहिनी’, ‘अर्जुन’ असे प्रकार आले. कोडाईकनालला एम. एस. विराराघवन आणि गिरिजा विराराघवन या दांपत्यानं त्याही पुढचं पाऊल टाकलं. मणिपूरच्या डोंगरातला रोझा जायगॅन्शिया आणि बंगाल-बिहारच्या पाणथळ जागी वाढणारा रोझा क्लिनोफिला हे आपल्याच देशातले रानगुलाब घेऊन त्यांनी उष्ण हवेचे गुलाब तयार करण्यात आयुष्य घातलं. अशी झाडं महाराष्ट्रातल्या साध्या रोपवाटिकेत नाव घेऊन मागितली तर मिळणं कठीण, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ग्राहकानं मागितल्याशिवाय ती येणार नाहीत. म्हणून मिळो न मिळो, मागत राहा.

आणि इथे माझी मुख्य तक्रार आहे. आपल्याकडे गुलाब नावानं विकला जात नाही, रंगानं विकला जातो. लाल, पिवळा, गुलाबी, दोन रंगी, फार तर ‘डच’ आणि ‘बटन’. आंबा घेताना आपण हापूस की पायरी हे विचारतो, मग गुलाबाच्या बाबतीत रंगावर का भागवतो? नाव माहीत असलं तर झाड किती वाढणार, वास आहे की नाही, भुरी लागते की नाही, हे आधी कळतं. ‘ग्लॅडिएटर’ म्हटलं की जोरकस वाढ, ताठ दांडा आणि उन्हाला न घाबरणारं झाड, हे नाशिक-सांगलीकडे उघड्या शेतात गुलाब केलेला कुणीही शेतकरी सांगेल. ‘डबल डिलाइट’ म्हटलं की अप्रतिम वास आणि हिवाळ्यात भुरीची धास्ती. ‘डच’ म्हणून जे विकलं जातं ते बहुधा हरितगृहातल्या कापणीच्या फुलांचे प्रकार. तळेगाव दाभाडे आणि मावळात प्लॅस्टिकच्या छपराखाली ते उत्तम येतात, फेब्रुवारीत परदेशी जातात, शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आणतात. पण त्यांची निवड झालेली असते ती लांब दांडा, प्रवास सोसणारी कळी आणि फुलदाणीत टिकण्यासाठी. वास बहुतेकांना नावापुरता. छपराखाली ज्यांच्या पानावर कधी पाऊस पडलेला नाही, त्यांना अंगणात आणून आपण पहिल्याच श्रावणात निष्पर्ण करतो.

तेव्हा रोपवाटिकेत गेल्यावर काय बघायचं? फूल सोडून बाकी सगळं. रोप उचला आणि आधी बुंध्याशी पाहा. गुलाब हे दोन झाडांचं मिळून एक झाड असतं. खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यात भरलेला चांगल्या जातीचा डोळा. जिथे डोळा भरला तो सांधा फुगीर दिसतो. त्याच्या वरून निदान दोन, शक्यतो तीन, पेन्सिलीच्या जाडीच्या फांद्या निघालेल्या हव्यात. एकच लांब काडी आणि तिच्या टोकाला मोठं फूल असलेलं रोप कितीही देखणं असलं तरी ठेवून द्या. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल आणि फांदी तिच्यात आवळली गेली असेल तर तेही नको. सैल असेल तर चालेल, घरी गेल्यावर ब्लेडनं उभी चिरून काढायची. जुन्या फांदीवर नखानं हलकं खरवडून पाहा, आत हिरवं ओलसर दिसलं पाहिजे. छाटलेल्या टोकापासून खाली काळपट-तपकिरी रंग उतरत आला असेल तर ती शेंडेमर, आणि ती खाली येतच राहते.

मग पानं. नवी फूट तांबूस आणि जुनी पानं तळापर्यंत असावीत. एक पान उलटं करून पांढऱ्या कागदावर टिचकी मारा. कागदावर पडलेले टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी आहे आणि तुम्ही तुमच्या सगळ्या बागेसाठी पाहुणी घेऊन चालला आहात. शेवटी पिशवी दाबून पाहा. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत कमी केलं जाणारं काम. उरुळी कांचनच्या पट्ट्यातल्या रोपवाटिका असोत की तुमच्या गल्लीतली, त्यांच्याकडचे पुष्कळ गुलाब ट्रक भरून दुरून येतात. आंध्रातलं गोदावरीकाठचं कडियम त्यासाठी प्रसिद्धच आहे. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून रोप चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेलं असतं. हा गोळा वाळला की विटेसारखा होतो. तो तसाच जमिनीत ठेवला तर आपण घातलेलं पाणी बाजूनं निघून जातं आणि आत मुळं कोरडीच राहतात. वरची माती ओली दिसते, झाड मरतं, आणि दोष पाण्यावर जातो.

म्हणून लावणीचा पहिला भाग बादलीत होतो. पिशवी ब्लेडनं उभी कापा, गोळा बादलीभर पाण्यात ठेवा आणि तासाभरानं बोटांनी कडेची माती अलगद विरघळवा. मधला गाभा राहू द्या, मुळं उघडी करण्याचा हट्ट नको. बाहेरची पांढरी मुळं मोकळी लोंबताना दिसली की पुरे. हे काम संध्याकाळी करायचं आणि फक्त थंड्या-निवत्या दिवसांत. कडक उन्हाळ्यात रोप हाती आलंच तर ते न हलवता सावलीत पिशवीतच सांभाळावं, हे बरं.

जागा सकाळच्या उन्हाची. पाच-सहा तास ऊन हवं, त्यातलं दुपारनंतरचं टळलं तर उत्तम. पश्चिमेच्या सिमेंटच्या भिंतीलगत गुलाब लावू नका, एप्रिलमध्ये ती भिंत रात्री नऊपर्यंत तापलेली असते. विदर्भात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे उन्हाळ्यापुरती शेडनेट लावावीच लागते. मोठ्या झाडाच्या मुळांपासून दूर राहा. अशोक आणि नारळ ही दोन्ही झाडं गुलाबाचं खत गुपचूप खातात.

मातीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण महाराष्ट्राची माती ही गुलाबाच्या पुस्तकांतली माती नव्हे. गुलाबाला किंचित आम्ल, सामू साडेसहाच्या आसपासची, पाणी धरणारी तरी निचरा होणारी जमीन आवडते. दख्खनची काळी माती सुपीक खरी, पण पावसाळ्यात फुगून श्वास कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. तिचा सामू साडेसात-आठच्या घरात, त्यात चुनखडी. अशा जमिनीत, बोअरच्या जड पाण्यावर, गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक याला रोग समजून औषध फवारतात. ही लोहाची उणीव. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. नुसतं हिराकस टाकलं तर तेही तिथेच अडकून बसतं. शेणखतात मुरवून दिलं तर उपयोग होतो. कोकणात उलट परिस्थिती. जांभ्याची माती आम्ल, पाणी झरझर वाहून जातं आणि त्याबरोबर खतही. काळ्या जमिनीत उंच वाफा किंवा गादी करा, खड्ड्यात मुरूम-वाळू आणि भरपूर कुजलेलं खत मिसळा. कोकणात शेणखत आणि पालापाचोळा दुपटीनं घाला आणि शक्य तर पागोळ्यांपासून दूर, कुंडीत लावा, म्हणजे आषाढात ती छपराखाली सरकवता येते.

खड्डा दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल. जागा असेल तर तो मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. भरताना पोयट्याची माती, जुनं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा. शेणखत हातात घेतल्यावर मातीसारखा वास आला पाहिजे. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे आणि त्यातून हुमणी येईल. हुमणीच्या अळ्या मुळं कुरतडतात, आणि पहिल्या पावसानंतर तिचेच भुंगेरे रात्री येऊन गुलाबाच्या पानांची चाळण करतात. मोठ्या फुलांच्या दोन झाडांत अडीच फूट अंतर ठेवा, बटन गुलाबांना एक फूट चालतं. गच्चीवर बारा ते चौदा इंचांची कुंडी, तळाशी विटांचे तुकडे, आणि काळी माती अजिबात नको. लावताना सांधा वर, माती पायानं नव्हे हातानं दाबलेली, आळं केलेलं, आणि झाडाला एक काठी. ती काठी शोभेची समजू नका. नवा सांधा वाऱ्याच्या एका झोक्यानं उखडतो.

लावल्यावर पहिले दोन महिने रासायनिक खत देऊ नका. पाणी सकाळी, बुंध्याशी, वरची इंच-दोन इंच माती सुकल्यावर. आणि कळ्या खुडा. हे सांगताना मला ठाऊक आहे की बहुतेक वाचक इथे माझं ऐकणार नाहीत. ऑक्टोबरात लावलेल्या झाडाला नोव्हेंबरात पहिली कळी येते आणि ती खुडायची म्हणजे जिवावर येतं. पण त्या पहिल्या दोन-तीन कळ्यांची ताकद मुळांकडे वळली, की डिसेंबरअखेर येणाऱ्या फांद्या जाड असतात. एक कळी ठेवून बाकीच्या खुडल्या तरी चालेल. तेवढी सवलत मीही घेतो.

खुंटाच्या फुटीवर लक्ष ठेवणं हे पहिल्या वर्षातलं खरं काम. सांध्याच्या खालून एखादी लांबसडक, फिकी, लवचीक फांदी झपाट्यानं वर येते आणि घरात आनंद होतो, की गुलाबानं जोर धरला. तो जोर जंगली खुंटाचा असतो. वर्षभरात वरची जात मरते आणि मग ‘आमचा लाल गुलाब पांढरा झाला’ किंवा ‘नुसताच वाढतो, फुलत नाही’ अशी तक्रार सुरू होते. पाच पानांची फांदी चांगली आणि सात पानांची जंगली, ही सर्वत्र सांगितली जाणारी खूण फसवी आहे. चांगल्या जातींनाही कधी कधी सात पर्णिका येतात. भरवशाची खूण एकच, फांदी सांध्याच्या वरून आली की खालून. खालून आली असेल तर कात्रीनं कापू नका, माती बाजूला करून मुळाशी धरून उपटा. कापली की तिला चार धुमारे फुटतात.

छाटणी, खतं, रोग यांची प्रकरणं पुढे सविस्तर आहेत. इथे एवढंच सांगतो, की पठारावरची मुख्य छाटणी पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात, बाहेरच्या बाजूला तोंड केलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप देऊन करायची. त्यानंतर साधारण दीड महिन्यात बहर येतो. नव्या रोपाला पहिल्या वर्षी ती नको. औषधांबाबत माझं मत कडक आहे. घरच्या दहा-बारा झाडांसाठी दर आठवड्याला पंप काढणाऱ्यांनी बाग लहान करावी. भुरीला गंधक, किडीला निंबोळी अर्क आणि पानांखाली पाण्याचा जोरदार फवारा, एवढ्यावर बहुतेक घरं निभावतात. पानाच्या कडेला कुणी कंपासनं कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर काहीच करू नका. ती पानं कापून घरट्याला नेणारी एकांडी मधमाशी आहे, आणि तिचा आपल्या परसबागेला उपयोगच आहे.

शेवटी एका अशा गुलाबाबद्दल, जो विकत घ्यावा लागत नाही. जुन्या वाड्यांच्या मागच्या अंगणात, देवळांच्या आवारात, गावाकडच्या विहिरीजवळ एक फिका गुलाबी, पाकळ्यांनी भरलेला, आखूड दांड्याचा गुलाब असायचा. फूल दुपारपर्यंत झडून जाई, पण सकाळी त्याचा वास ओसरीपर्यंत येई. गुलकंद त्याचा, देवाची परडी त्याची. त्याला आपण गावठी म्हणतो आणि त्या शब्दातच त्याला खालची पायरी देतो, हे बरोबर नाही. तो स्वतःच्या मुळांवर वाढतो, त्याला खुंट लागत नाही, सांधा लागत नाही, खुंटाची फूट ओळखण्याची कटकट नाही. चुनखडीची माती आणि आठवडाभराचं दुर्लक्ष तो सोसतो. गुलकंद करायचा असेल तर तोही याच, न फवारलेल्या फुलांचा करावा. बाजारातल्या दांड्याच्या फुलांवर काय काय मारलेलं असतं ते सांगता येत नाही, त्यांच्या पाकळ्या बरणीत घालू नयेत.

वाडे पडताहेत आणि ही झुडपं त्यांच्याबरोबर जाताहेत. तुमच्या आजोळी, मावशीकडे, गावच्या घरी असा गुलाब अजून उभा असेल तर या पावसाळ्यात त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या चार-सहा काड्या आणा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, अर्धी काडी वाळूमिश्रित मातीत खोचा आणि सावलीत ठेवा. पाच-सहा आठवड्यांत त्यांतल्या काही फुटतील. जुन्या घराचा व्यवहार ठरला असेल तर पुढच्या वर्षावर टाकू नका. आणि जगलेल्या रोपांतलं एक शेजाऱ्यांना द्या, म्हणजे तुमचं गेलं तरी मागायला जागा राहील.